कंबरेच्या दोन खळ्या आणि पातूरचा पायाळू

आमच्या वऱ्हाडातल्या पातुरात कंबरेचा विषय निघतो तो दुखण्यावरूनच. गालाला खळी असली तर आमच्याकडे स्थळ लवकर जमतं, हनुवटीला असली तर आत्या-मावश्या बोट लावून कौतुक करतात. पण कंबरेलाही खळ्या असतात आणि त्यांचाही तोरा मिरवायचा असतो, ही बातमी आमच्या गल्लीत थेट पुण्याहून आली. आणणारी माझी भाची. ओट्यावर पाय पसरून ती आजीला फोनमधलं वाचून दाखवत होती : ज्यांच्या कंबरेच्या मागे, कण्याच्या दोन्ही अंगांना खळ्या असतात ती माणसं भाग्यवान. त्यांचं रक्ताभिसरण उत्तम. संसार सुखाचा. आणि मुख्य म्हणजे हा त्यांचा शेवटचा जन्म.

माय तुरीची दाळ निवडत होती. "शेवटचा जनम? मंग तर बरंच हाये," ती म्हणाली. "पन आंधी ही दाय निवडू लाग."

"आजी, अगं खरंच. सुंदर दिसतं ते."

"अवं, पाठीले खड्डे पडले अन् तुले आनंद होऊन राह्यला? आमच्या टायमाले कमरीत लय दुखे. खड्डे पाहाले मांगं डोये कोनाले होते?"

मायने सहज म्हटलं, पण या सौंदर्याची मोठी गैरसोय तीच आहे. ज्याचं त्याला दिसत नाही. गालाची खळी आरशात दिसते, फोटोत दिसते, शेजारणीच्या डोळ्यांत खुपते. कंबरेची पाहायला दोन आरसे आणि एक विश्वासू माणूस लागतो, आणि आमच्या एकत्र कुटुंबांत आरसा एकच, तोही दाढीच्या उंचीवर. शिवाय ती जागा कायमची झाकलेली. बाईच्या परकराची नाडी तिथेच काचते, पुरुषाचा करदोडा तिथूनच जातो. उन्हाळ्यात नाडीच्या वळाला घामोळं येतं, पावडर मारायला हात मागे नेतो, तेव्हा कुठे तिथे काहीतरी खोलगट आहे एवढी ओळख होते. त्यावर संसार सुखाचा होणार की नाही हे ठरवायला फोनच पाहिजे.

खळी पडते कशी, हे सांगायला मात्र शेवटच्या जन्मापर्यंत जायला नको. दोन्ही हात कंबरेवर ठेवा. बोटांना लागते ती कंबरेच्या हाडाची कड. ती कड मागे मागे जात जिथे संपते तिथे हाडाला एक बोथट टोक असतं, डावीकडे एक, उजवीकडे एक. त्या टोकावर मांसाचा थर नसतो, आणि काही जणांत एक आखूड लिगामेंट वरच्या कातडीला धरून त्या टोकाकडे ओढतं. आमच्या कापसाच्या मुलखात हे समजावून सांगणं सोपं. गादी भरून झाली की गादीवाला तिला आरपार दोरा घालून टाके मारतो. टाका बसला तिथे खळगा, बाकीची गादी फुगीर. तुमच्या कंबरेला देवाने असे दोन टाके मारले आहेत. इतकंच. टाक्याच्या आसपास चरबी वाढली की खळी बुजते, उतरली की उघडी पडते. व्यायामाने ती आणता येत नाही, कारण त्या टोकावर फुगवायला स्नायूच नाही. घराण्यात उतरते असं मानतात, पण तिचा जनुक अजून कोणी हातात धरून दाखवलेला नाही. रक्ताभिसरणाचा संबंधही तसाच, फोनमधला. परदेशात हौशी लोक तिथे चमकता खडा टोचून घेतात. आमच्याकडे एसटीच्या मागच्या सीटवर बसून पातूरचा घाट चढायचा असतो, तेव्हा खडा परवडणार नाही.

या खळीच्या खाली, अगदी जवळ, एक सांधा आहे. त्रिकास्थी म्हणजे कण्याच्या बुडाचं तिकोनी हाड, आणि कंबरेचं हाड, या दोघांचा. सांधा म्हणायचं ते केवळ सौजन्यापोटी, कारण तो हलतो जेमतेम दोन-चार मिलिमीटर. एवढंसं हलणारा हा गृहस्थ दुखायला लागला की अख्खं घर हलवतो.

युरोपीय लोकांनी या खळ्या पाहिल्या आणि त्यांना व्हीनस देवीचं नाव दिलं. पुरुषाला असल्या तर अपोलोचं. वेलास्केथ नावाच्या स्पॅनिश चित्रकाराने सतराव्या शतकात व्हीनस पाठमोरी रंगवली, ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १९१४ साली मेरी रिचर्डसन नावाची बाई खाटकाचा सुरा घेऊन तिथे गेली आणि चित्रातल्या त्या पाठीवर तिने सपासप वार केले. बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतली ती. पुढारी एमेलिन पँकहर्स्ट यांना अटक झाली म्हणून तिने हे केलं, आणि पुढे म्हातारपणी असंही सांगितलं, की पुरुष त्या चित्रापुढे दिवसभर तोंड उघडं टाकून उभे राहायचे, ते मला पाहवत नसे. चित्र नंतर सांधलं. मायला ही हकीकत सांगितली तर तिने एकच प्रश्न विचारला, "बाईले शिक्षा किती झाली?" सहा महिने म्हटल्यावर "लय झाली" म्हणाली.

आपल्या जुन्या लोकांनी याच भागाकडे पाहिलं ते जरा काळजीने. अमरकोशात नितंबावरच्या या दोन खोलगट जागांना कूपक आणि कुकुंदर अशी नावं आहेत. सुश्रुताने शरीरात १०७ मर्मं मोजली, त्यांतली १४ पाठीवर, आणि त्या चौदांत कण्याच्या दोन्ही बाजूंची दोन कुकुंदरं. फार खोल नसलेली, असं वर्णन. काही अभ्यासक त्यांची जागा याच सांध्यापाशी धरतात. इथे मार बसला तर कंबरेखालची संवेदना जाते आणि हालचाल बिघडते, अशी सुश्रुताची ताकीद. युरोपला जिथे देवी दिसली, तिथे आमच्या वैद्याला लाठी कुठे लागू नये ते दिसलं. दोघांनी पाठ तीच पाहिली, पण एकाकडे बसायला दिवाणखाना होता आणि दुसऱ्याच्या दारात रणांगणावरून उचलून आणलेली माणसं होती.

आणि तिसरा एक होता, तो सुईणकाम शिकवणारा. गुस्ताव मिखाएलिस, जर्मनीत कील गावचा प्रसूतितज्ज्ञ. त्याने बाईच्या पाठीवर चार बिंदू धरले : वर कंबरेच्या मणक्याचा, खाली दोन्ही नितंब सुरू होतात तिथला, आणि दोन बाजूंना या दोन खळ्या. चारही जोडले की पतंगासारखा चौकोन होतो. तो नीट, दोन्हीकडे सारखा असला तर आतली वाट मोकळी असण्याची आशा. तिरपा किंवा दबलेला असला तर बाळंतपण अडण्याची भीती. सोनोग्राफी नव्हती, क्ष-किरण नव्हते, त्या काळात पाठीवरून पोटातलं ओळखायची ही खटपट. व्हीनसचे चाहते जिथे उसासे टाकत होते तिथे हा मोजपट्टी लावून बसला होता. विनोदी लेखात त्याचा शेवट बसत नाही, तरी सांगते. प्रसूतीआधी डॉक्टरने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवावेत, हे झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरचं म्हणणं जर्मनीत पहिल्यांदा मनापासून ऐकणाऱ्यांत मिखाएलिस होता. ऐकलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की त्याची स्वतःची बहीण लागणारी नातलग त्याच्याच न धुतलेल्या हातांनी बाळंतज्वराने गेली असणार. १८४८ साली त्याने रेल्वेखाली जीव दिला. त्याचा चौकोन अजून पुस्तकांत आहे.

चौकोन बाजूला ठेवू आणि शेतात येऊ. आमच्याकडे कापूस वेचायला बाया सकाळी ओळीने पऱ्हाटीत शिरतात. ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांवर, पाठ जमिनीला समांतर. ओटी भरत जाते तसा सगळा भार कंबरेच्या पुढे लोंबतो आणि मागचा तो जेमतेम हलणारा सांधा तो तोलून धरतो. मजुरी किलोवर, म्हणून सरळ उभं राहणं म्हणजे पैसे सोडणं. तरी ओळीच्या टोकाला बाई उभी राहतेच. आणि ती कशी उभी राहते ते पाहा. दोन्ही पंजे कंबरेवर, चार बोटं पुढे, अंगठे मागे. कोणी शिकवलेलं नसतं, पण दोन्ही अंगठे अचूक त्या दोन खळ्यांवर जाऊन रुततात, मान मागे पडते आणि तोंडून "आई वं" निघतं. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला हाडाचं ते टोक शोधायला हीच युक्ती शिकवतात, बोटं कडेवर आणि अंगठे मागे. रेणुकामातेच्या टेकडीच्या पायऱ्यांवर थांबून श्वास घेणाऱ्या म्हाताऱ्या पाहा, सगळ्या याच आसनात. विठ्ठलाचे हात कटीवर का, याची उत्तरं संतांनी पुष्कळ दिली आहेत. पण युगानुयुगं उभं राहिलेल्या माणसाचे हात दुसरीकडे कुठे जाणार, हे वऱ्हाडातल्या बाईला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

डॉक्टर लोकांची एक साधी परीक्षा आहे. रोग्याला म्हणायचं, एकाच बोटाने दाखव कुठे दुखतं. खळीच्या जरा खाली-आतल्या बाजूला त्याने दोनदा तेच बोट ठेवलं, की संशय त्या सांध्यावर. फॉर्टिन नावाच्या डॉक्टरची ही परीक्षा. पातुरात ती चालवून पाहा. पहिल्यांदा अख्खा पंजा कंबरेवर फिरतो. "एका बोटानं" म्हटलं की बोट कंबरेवरून मांडीत, मांडीतून पोटरीत आणि पोटरीतून थेट सुनेकडे जातं. "हे आली तवापासून दुखते."

सुनेची तक्रार वेगळी. तिचं सगळं दुखणं पाठीतल्या इंजेक्शनपासून सुरू झालेलं असतं. सिझेरियनला पाठीत भूल दिली, आता पोरगं कॉलेजात गेलं तरी कंबर त्या सुईच्या नावाने ठणकते. या समजाला आमच्याकडे कोणत्याही देवस्थानापेक्षा भक्त जास्त. खरं तर सुईने आलेलं दुखणं काही दिवसांचं. कायमच्या कंबरदुखीचा आणि त्या भुलीचा संबंध अभ्यासांत सापडलेला नाही. आणि सुई टोचतात ती जागाही या खळ्यांच्या चांगली वर, कंबरेच्या दोन्ही कडा जोडणारी रेघ धरून. पण मी हे महिला मंडळात सांगून पाहिलं आणि एकजात सगळ्यांनी माझ्याकडे, 'हिला नॉर्मल झालं असंल,' या नजरेने पाहिलं. बाळंतपणानंतर पाच-सहा किलोचं लेकरू एका कडेवर, पाण्याची कळशी दुसऱ्या कडेवर, रात्रीची झोप नाही, हे सगळं कंबरेने कोणाच्या खात्यावर लिहावं? नवऱ्याच्या लिहिता येत नाही, सासूच्या लिहिलं तर भांडण. सुई बिचारी बोलत नाही.

लेकरांच्या कंबरेचंही शास्त्र आहे. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कंबरेखाली जन्मतः निळसर डाग असतो, दोन-चार वर्षांत विरतो. कोरियात म्हणतात, जन्मदेवता असलेल्या म्हातारीने बाळाला ढुंगणावर चापट मारून बाहेर ढकललं, त्याचा तो वळ. आमची सटवाई सभ्य, ती पाचव्या दिवशी येऊन कपाळावर लिहून जाते. एक गोष्ट मात्र गमतीत घालवू नये. बाळाच्या अगदी मधोमध, दोन्ही नितंबांच्या फटीपाशी लहानशी खळी असते, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पण ती खोल असेल, फटीच्या बरीच वर असेल, तिथे केसांचा झुबका किंवा गाठ असेल, तर डॉक्टरला दाखवावी. आत कण्याचं काही राहून गेलेलं असू शकतं.

मागचे खळगे वाचायची कला आमच्याकडे फोनच्या फार आधीपासून आहे, फक्त ती गोठ्यात वापरतात. गाय व्यायला आली की तिच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात. तिथली लिगामेंट ढिली होतात, कातडी आत बसते, शेपूट सैल लोंबते. आमच्या घरचे काका रोज संध्याकाळी कंदील घेऊन गाईच्या मागे उभे राहत, दोन बोटं शेपटीच्या बाजूला दाबत आणि मग निकाल सांगत, "आज नाई, उद्या." किंवा, "आज बाज गोठ्यातच टाका." बाळंतपण जवळ आलं की बाईच्याही अंगात असाच सैलपणा येतो, त्याच सांध्यापाशी, गरोदरपणातल्या चमका पुष्कळदा तिथल्याच. बैल घेतानाही आमचे लोक मागून-पुढून फिरून भोवरे पाहतात, कुठला शुभ, कुठला धन्याला खाणारा. माणसाच्या डोक्यावर दोन भोवरे असले तर दोन बायका, हे तर शेंबड्या पोरालाही पाठ. तेव्हा भाचीच्या फोनने आमच्यापुढे नवं काही मांडलं नाही. फक्त गिऱ्हाईक बदललं.

पण कंबरेच्या बाबतीत वऱ्हाडचा खरा विश्वास दोन खळ्यांवर नाही, पायाळूवर आहे.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेला. त्याच्याबद्दल समज पुष्कळ. जमिनीतलं धन त्याला दिसतं, वीज त्याच्यावर पडते म्हणून पावसात त्याला झाडाखाली उभं करू नये. यांतलं धन कोणाला सापडल्याचं ऐकिवात नाही. मात्र कंबरेत उसण भरली आणि पायाळूने पाय लावला की उसण उतरते, यावर पातुरात दुमत नव्हतं. आमच्या गल्लीत असे एक पायाळू काका आहेत. टेकडीखालचे आणि शेखबाबूंच्या दर्ग्याकडचे, दोन्हीकडचे कंबरमोडे त्यांच्या दारात वाकून येत. काका रोग्याला उंबरठ्यापाशी पालथं निजवत, स्वतः चौकटीला धरून उभे राहत आणि उजव्या पायाची टाच आधी डाव्या खळीवर, मग उजव्या खळीवर टेकवत. कुठे दुखतं हे विचारत नसत. तीनदा पाय, मग एक हलकी लाथ, आणि "ऊठ आता." पैसे घेत नसत, घेतले तर गुण जातो. चहा चाले.

गुण येई, हे मी पाहिलेलं आहे. त्याचं कारणही फार गूढ नाही. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण जाते. माणूस घरचे उपाय संपवून, शेक घेऊन, बाम चोळून, अगदी टेकीला आल्यावर काकांकडे जाई. तोवर उसणही निघायच्या तयारीत असे. काकांची लाथ तिला फक्त फाटकापर्यंत पोचवायची. तरी काका शहाणे. पायाला मुंग्या येतात, पाय उचलत नाही, लघवी अडते असं कोणी सांगितलं की ते पाय मागे घेत, "हे माह्या हातचं नाई, अकोल्याले ने" म्हणत. लाथ मारणाऱ्याला आपल्या लाथेची हद्द माहीत असणं मला डॉक्टरीइतकंच मोलाचं वाटतं.

आता अडचण अशी, की पायाळू मिळेनासे झाले आहेत. दिवस भरताना शंभरांतली तीन-चार बाळं पायाकडून किंवा ढुंगणाकडून खाली असतात, हे प्रमाण काही बदललेलं नाही. पण २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २६ देशांतला एक मोठा अभ्यास छापून आला. अशा बाळांना ठरवून केलेलं सिझेरियन जास्त सुरक्षित, असा त्याचा निष्कर्ष. त्यानंतर जगभर उलट्या बाळाला सिझेरियन, असाच शिरस्ता पडत गेला. बाळं वाचली, चांगलं झालं. पातूरच्या कंबरांचं काय, हा विचार लॅन्सेटने केला नाही.

गेल्या वर्षी काकांचीच कंबर धरली. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, खाटेवरून उठेना. डॉक्टर झाले, पट्टा झाला, शेक झाला. काकांना पाहिजे होता पायाळू, आणि स्वतःची टाच स्वतःच्या कंबरेला लागत नाही. चहाच्या टपरीवर सभा बसली. शेजारच्यांचा नातू उलटा होता, एवढं सगळ्यांना आठवत होतं. पण तो सिझेरियनचा. मग वाद पेटला.

"फाइलीत लिहेल हाये, पाय खाली म्हनून."

"लिहेल असंल. पन तो पायानं आला कुठं? त्याले डॉक्टरनं काढला."

"मंग का तो डोक्यानं आला?"

"तो कायनंच नाई आला. तो आनला."

हा निवाडा अकोल्याच्या दवाखान्यात सिस्टर असलेल्या एका सुनेकडे गेला. तिने सांगितलं, की बाळ उलटं असलं तर सिझेरियनमध्येही डॉक्टर त्याला ढुंगणाकडून किंवा पायांकडूनच बाहेर घेतात, डोकं शेवटी. टपरीवर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एकाने निकाल दिला, "म्हंजे पायाळूच. दारातून नाई आला, खिडकीतून आला."

खिडकीतून आलेला पायाळू पुण्यात हिंजवडीला कॉम्प्युटरवर असतो. त्याला फोन लावला, स्पीकर खाटेजवळ धरला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजोबा, माझीच कंबर गेली आहे. दिवसभर खुर्चीत बसून. पट्टा लावलाय. उलट मीच दिवाळीत तुमच्याकडे यायचं म्हणत होतो, तुम्ही लाथ मारता ना?"

काकांनी खाटेवरूनच हात हलवून फोन जवळ मागितला.

"ये ना बाप्पा दिवाईले," ते म्हणाले. "पन पयला नंबर माहा."